मालमोटारींचे उपग्रहाद्वारे मार्गनिरीक्षण

बिदर व कलबुर्गी या सीमाभागातील जिल्ह्यांतून मोठ्या प्रमाणावर मालवाहतूक होते. कलबुर्गीची तूरडाळ, वाडी-सेडम परिसरातील सिमेंट, शहाबादची फरशी आणि बिदर जिल्ह्यातील साखर दूरवर जाते. राष्ट्रीय महामार्ग क्र. ६५ व क्र. ५० हुमनाबाद येथे एकत्र येतात. गाडी गावाबाहेर पडल्यावर ती कोठे आहे, हे मालकास पूर्वी केवळ चालकाच्या निरोपावरून कळे. आता उपग्रहांच्या साहाय्याने ही माहिती घरबसल्या मिळू शकते.

यंत्रणेचे कार्य

उपग्रह गाडीवर नजर ठेवतो, हा समज बरोबर नाही. उपग्रह केवळ संदेश प्रक्षेपित करतात. गाडीतील यंत्र ते ग्रहण करून, संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढते. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की गाडीचे स्थान निश्चित होते. अमेरिकेची जीपीएस यंत्रणा १९९५ मध्ये पूर्णत्वास आली. भारताने २०१३ ते २०१६ या काळात ‘नाविक’ मालिकेतील ७ उपग्रह अवकाशात सोडले. यंत्राने काढलेले स्थान मोबाइलच्या जाळ्यामार्फत मालकाकडे पोहोचते. जाळे नसेल तेथे चांगल्या यंत्रात नोंद साठून राहते व पुढे पाठविली जाते.

लाभ कोठे आहे?

गाडी उभी असली, तरी कर्जाचा हप्ता, विमा व पगार चालूच राहतात. समजा, एक खेप ५ दिवसांची असून त्यातील १ दिवस माल उतरविण्याच्या खोळंब्यात जातो. ९० दिवसांत १८ खेपा होतील. नोंदी पाहून हा खोळंबा अर्ध्या दिवसावर आणला, तर तेवढ्याच दिवसांत २० खेपा होतील. गाडी केव्हा रिकामी होणार हे आधी कळल्यास परतीचे भाडेही वेळेवर ठरविता येते.

ई-वे बिलाच्या बाबतीतही हा उपयोग आहे. १ जानेवारी २०२१ पासून साधारण मालास दर २०० कि.मी. अंतरासाठी एक दिवसाची मुदत मिळते. गाडी वाटेत अडकल्यास मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. त्यासाठी विलंब वेळीच कळणे आवश्यक असते.

चालकाचा विश्वास

हे यंत्र चालकावरील पाळत ठरू नये. गिरणीच्या दारात गाडी किती तास थांबली, याची नोंद चालकाच्या बाजूचा पुरावा असते. विलंबाचा दोष त्याच्यावर येत नाही आणि खोळंब्याचे पैसे मागण्यासही मालकाला आधार मिळतो. मात्र वेळ भरून काढण्यासाठी वेगाचा आग्रह धरणे धोक्याचे आहे.

यंत्र बसविल्याने नफा आपोआप वाढत नाही. दर आठवड्यास मालक व चालक यांनी एकत्र बसून नोंदी तपासाव्यात, खोळंब्याचे कारण शोधावे आणि पुढील खेपेची आखणी करावी. तसे केल्यास लहान वाहतूकदारालाही या साधनाचा खराखुरा लाभ होईल.