तीन याद्या आणि एक कॅडेट

क्रॉस-कंट्रीच्या निवडीसाठी आमच्या हाऊसचा निकाल संगणकावर लावायचे काम यंदा माझ्याकडे आले. सातवीपासून पायथन शिकत असल्यामुळे हे एका प्रेपचे काम आहे, असे मला वाटले.

मी तीन याद्या केल्या : नावे, रोल नंबर आणि वेळा. प्रत्येक यादीतली पाचवी नोंद पाचव्या मुलाची, असा माझा हिशोब. मग वेळांची यादी सॉर्ट केली आणि पहिले वीस जण पुढच्या फेरीसाठी निवडून यादी नोटीस बोर्डावर लावली.

मित्रांनो, चूक लक्षात आली का? सॉर्ट झाल्या त्या फक्त वेळा. नावे रोल नंबरच्या क्रमानेच राहिली. त्यामुळे सर्वांत चांगली वेळ ज्याचा रोल नंबर पहिला त्याच्या नावावर गेली. प्रोग्रॅम कुठेही अडला नाही, लाल अक्षरात एरर आली नाही. रात्री आठवीतला एक ज्युनियर माझ्या खाटेजवळ येऊन सावधान उभा राहिला. म्हणाला, "सर, मी तिसरा आलो होतो." यादीत तो सत्ताविसावा होता.

मी हाऊसमास्तरांना सांगून यादी उतरवली आणि सकाळच्या फॉल-इनला त्याची सर्वांसमोर माफी मागितली. त्यानंतर मी क्लास शिकायला बसलो.

माझी खरी चूक सॉर्टच्या ओळीत नव्हती. एका मुलाची माहिती मी तीन ठिकाणी वाटून ठेवली होती, ही ती चूक. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीत ती एकत्र राहते. 'कॅडेट' हा क्लास म्हणजे कोरा फॉर्म. त्यात नाव, रोल नंबर आणि वेळ यांच्या जागा ठरलेल्या असतात. प्रत्येक मुलासाठी भरलेला फॉर्म म्हणजे ऑब्जेक्ट. आता सॉर्ट करताना पूर्ण फॉर्म वरखाली होतो, नाव आणि वेळ यांची ताटातूट होत नाही. शिवाय फॉर्मला कामही शिकवता येते. 'सर्वोत्तम वेळ सांग' हे फंक्शन क्लासच्या आतच लिहायचे. अशा फंक्शनला मेथड म्हणतात. मेथडमधला 'सेल्फ' म्हणजे 'ज्याला विचारले तो स्वतः'.

ही कल्पना पायथनपेक्षा जुनी आहे. नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा तयार केली आणि 'सिम्युला ६७' मध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट आणले. या कामासाठी त्यांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

क्लास लिहिला म्हणजे चुका संपल्या, असे मात्र नाही. अंतिम निवड तीन धावांतल्या सर्वोत्तम वेळेवर होती, म्हणून मी वेळांसाठी एक रिकामी यादी क्लासमध्ये ठेवली. निकाल पाहतो तर सगळ्या हाऊसची सर्वोत्तम वेळ एकच! कारण थेट क्लासमध्ये लिहिलेली यादी सर्व ऑब्जेक्ट्सची सामाईक असते. बराकीतल्या एकाच बादलीत सगळ्यांनी पाणी ओतावे, तसे झाले. प्रत्येकाला स्वतःची बादली हवी असेल, तर यादी 'इनिट' या मेथडमध्ये 'सेल्फ'च्या नावाने तयार करावी लागते. 'इनिट' प्रत्येक नवीन ऑब्जेक्ट बनताना चालते.

प्रत्येक कामाला क्लास हवाच असेही नाही. दहा आकड्यांची सरासरी काढायला चार ओळींची स्क्रिप्ट पुरते. पण एकाच माणसाच्या किंवा वस्तूच्या अनेक गोष्टी सांभाळायच्या असतील, तर आधी कागदावर लिहावे : इथे वस्तू कोणती? तिच्याकडे काय आहे? ती काय करू शकते?

आता यादी बोर्डावर लावण्यापूर्वी मी कोणतीही तीन नावे निवडून त्यांच्या वेळा स्टॉपवॉचच्या वहीशी ताडून पाहतो. तो ज्युनियर संघात निवडला गेला. पहिली पडताळणी मी त्याच्याच नावाने केली होती.