ब्रह्मदेशातील विद्यार्थी आणि पालथे भिक्षापात्र

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थवीर हे मूळचे ब्रह्मदेशाचे. त्या देशातील विद्यार्थ्यांनी निवडणुकीसाठी दिलेला लढा आपल्या मुलामुलींना ठाऊक असलाच पाहिजे.

तेथे १९६२ पासून लष्कराची सत्ता होती. सप्टेंबर १९८७ मध्ये सरकारने २५, ३५ व ७५ क्यातच्या नोटा एकाएकी रद्द केल्या. मोबदला नाही. फीसाठी साठवलेले पैसे कागद झाले. मार्च १९८८ मध्ये रंगूनमध्ये फोन मॉ हा विद्यार्थी गोळीबारात मरण पावला आणि विद्यार्थी पेटून उठले. ८ ऑगस्ट रोजी कामगार, भिक्खू, गृहिणी असा सारा देश त्यांच्यामागे रस्त्यावर आला. मागणी साधी होती : एकपक्षीय राजवट संपवा, बहुपक्षीय निवडणुका घ्या. उत्तर बंदुकीने मिळाले. पुढे काही ठिकाणी संतप्त जमावानेही माणसे मारली, हे लपवू नये. पण विद्यार्थी नेत्यांचा आग्रह शांततेचाच होता.

२७ मे १९९० रोजी निवडणूक झाली. ४८५ पैकी ३९२ जागा आंग सान सू ची यांच्या पक्षाने जिंकल्या. लष्कराने सत्ता सोडली नाही!

यानंतर भिक्खूसंघाने जे केले ते विनयात सांगितलेले आहे. ८ ऑगस्ट १९९० रोजी मंडाले येथे भिक्खू व विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, तेव्हा संघाने लष्करावर 'पत्तनिक्कुज्जन कम्म' म्हणजे पात्र पालथे करण्याचे कर्म पुकारले. चुल्लवग्गात वड्ढ लिच्छवीची कथा आहे. त्याने निर्दोष भिक्खूवर खोटा आळ घेतला, म्हणून संघाने त्याच्या घरचे दान नाकारले. त्याने चूक कबूल करताच पात्र पुन्हा सुलटे केले. यात शिवी नाही, शाप नाही, केवळ नकार आहे. ज्या समाजात दान हेच पुण्य, तेथे सैनिकाच्या घरी मयतालाही भिक्खू येईना, याचा अर्थ सेनापतींना नेमका कळला. ऑक्टोबरमध्ये त्यांनी विहारांवर छापे घालून भिक्खूंना तुरुंगात टाकले. २००७ साली भिक्खूंनी पात्र पुन्हा पालथे केले.

१९८८ चे विद्यार्थी नेते मिन को नाईंग यांना १९८९ मध्ये अटक झाली, ते २००४ साली सुटले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने निवडणुकीचा निकाल पुन्हा मोडला. दोन आठवड्यांच्या आतच त्यांच्या नावे पुन्हा अटक वॉरंट निघाले.