उलांडी डावीकडे

पोरी, या मोसमात तू पहिल्यांदा एकटी शर्यतीत उतरणार आहेस. होडी पाण्यात ढकलण्याआधी माझं ऐकून घे. हवाईतल्या ओआहू बेटाच्या या दक्षिण किनाऱ्यावर मी तीस वर्षं वल्हं मारलं आहे, आणि सांगणार आहे ते सगळं अंगावर घेऊन शिकलेलं आहे.

मालवणला लहानपणी होडीच्या बगलेला बांधलेली, तोल सांभाळणारी उलांडी मी रोज बघायचो. होनोलुलूला नोकरीला आलो तेव्हा हवाईच्या होडीला तीच उलांडी दिसली आणि परक्या मुलुखात पहिल्यांदा जिवाला बरं वाटलं. इथे होडीला वाआ म्हणतात, उलांडीला आमा, आणि दोघींना जोडणाऱ्या वाकड्या दांड्यांना इयाको. आमा कायम डाव्या अंगाला. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्धं शिक्षण झालं. नवीन माणसाला वाटतं, होडी आमाच्या बाजूला कलंडेल. तशी ती सहसा कलंडत नाही. आमा पाण्यातून वर उचलली जाते आणि होडी उजवीकडे पालथी होते. यालाच इथली मंडळी हुली म्हणतात. म्हणून शंका आली की डावीकडे झुकायचं. उजवीकडे कुणी हाक मारली तरी अंग टाकून वळून बघायचं नाही. हवाई काईहून डायमंड हेडकडे जाताना खुला समुद्र आपल्या डाव्या हाताला असतो. दक्षिणेची लाट आली की आधी आमाखाली शिरते. तिच्याकडे कान असू दे.

जमिनीवर असतानाच इयाकोच्या जोडण्या हाताने हलवून बघ. दुसऱ्याने बघितलंय म्हणून सोडू नकोस. आणि होडी ओलांडून जाऊ नकोस, वळसा घाल. नारळी पौर्णिमेला आपले कोळी होडीची पूजा करतात, तसाच मान इथेही होडीला आहे. कुणी तुला बोलून दाखवणार नाही, पण सगळे बघत असतात.

आता लाटांचं. इथे व्यापारी वारे ईशान्येकडून येतात, त्यामुळे हवाई काईहून डायमंड हेडकडे जाताना लाट पाठीमागून येते. पोरं मागे वळून लाट शोधतात, तिथेच फसतात. पुढे बघ. तुझ्या होडीच्या नाळेसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर, जो खळगा पडतो त्यात नाळ घालायची आहे. मागचा भाग उचलला गेला आणि नाळ खाली झुकायला लागली की त्या क्षणी चार-सहा वल्ही जीव ओतून मार. होडी धावायला लागली की हात हलके कर, श्वास घे, पुढचा खळगा शोध. नाळ वर चढत असेल तेव्हा जोर लावणं म्हणजे चढावर गाडा ओढणं. पाणी तुला फुकट न्यायला तयार असताना दंडातली ताकद कशाला जाळायची? ऑस्कर चालुप्स्की या दक्षिण आफ्रिकेच्या गड्याने मोलोकाई बेटाहून निघणारी सर्फस्कीची, म्हणजे उलांडी नसलेल्या सडपातळ होडीची, शर्यत बारा वेळा जिंकली. शेवटची 2012 मध्ये, वयाच्या 49 व्या वर्षी. त्या वयात तरण्या पोरांना मागे टाकलं ते लाट वाचता येत होती म्हणून, असं माझं ठाम मत आहे.

पोर्टलॉकच्या कड्यापासून लांब राहा. तिथे लाट खडकावर आपटून परत येते आणि पाणी चहूकडून उकळल्यासारखं होतं. तिथे वेग विसर, वल्ह्याचे फटकारे आखूड ठेव आणि वल्हं पाण्याबाहेर जास्त वेळ राहू देऊ नकोस. पाण्यातलं वल्हं हाच तुझा तिसरा पाय.

सर्फस्कीवर बसायचा मोह तुला होणारच. ती ऑस्ट्रेलियातून आलेली, सडपातळ आणि वेगवान. तिला उलांडी नाही, तोल कमरेने सांभाळायचा. खांदे स्थिर, कंबर सैल. आत आलेलं पाणी तळाच्या भोकातून निघतं, पण होडी चालती असेल तरच. थांबलीस की पाणी साचतं आणि ती जास्तच डगमगते. म्हणून घाबरलीस तरी वल्हं थांबवू नकोस. पडलीस तर पोट आडवं टाकून वर ये, कूस वळवून बस आणि पाय मग आत घे. हे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात शिकून उपयोग नाही.

सहा जणींच्या होडीत बसशील तेव्हा नियम वेगळे. पहिलीने ताल धरायचा, मधल्यांनी जोर द्यायचा, सहावीने सुकाणू सांभाळायचं. बाजू बदलण्याची हाक येईपर्यंत तुझा ताल म्हणजे पुढचीचा ताल. होडी पालथी झाली तर आधी आपापल्या जागेचा आकडा ओरडायचा, एक ते सहा. सगळे आकडे ऐकू आल्यावरच वल्ही गोळा करायची.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पाय होडीला बांधून ठेवणारी दोरी. एकदा वारा जोरात होता आणि मी दोरी न बांधता सर्फस्की घेऊन निघालो. पडलो. हात लावेपर्यंत ती दहा हात लांब गेली होती, आणि वाऱ्याने पळणाऱ्या होडीला पोहून गाठता येत नाही. मागून येणाऱ्या एका बाईने आपली शर्यत सोडून मला उचललं. त्यानंतर दोरीशिवाय मी पाण्यात पाऊल टाकलेलं नाही. होडी उलटली तरी ती तरंगते, लांबून दिसते. माणसाचं डोकं दिसत नाही. 1978 च्या मार्चमध्ये होकुलेआ ही होडी मोलोकाईजवळ उलटली तेव्हा तिच्यावरचा एडी आयकाऊ सर्फिंगच्या फळीवरून मदत आणायला निघाला. होडीला धरून राहिलेल्यांची सुटका झाली, एडी सापडला नाही. तो सोबत्यांसाठी गेला, त्याच्या धाडसापुढे मी मान झुकवतो. पण तुला मात्र सांगतो, होडी सोडायची नाही.

शर्यत संपली की लगेच गाडीकडे जाऊ नकोस. मागून येणाऱ्यांच्या होड्या उचलायला थांब. ही शर्यतींची मालिका पोटासाठी कुणी चालवत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातांवर ती उभी आहे.

काइवी सामुद्रधुनीचं स्वप्न तुझ्या मनात आहे, मला ठाऊक आहे. मोलोकाईहून ओआहूला एकट्याने 32 मैल. 1952 साली सहा जणांच्या तीन लाकडी होड्या पहिल्यांदा या सामुद्रधुनीत शर्यतीला उतरल्या, तेव्हा पहिलीला जवळजवळ नऊ तास लागले. बायकांना तिथली स्वतःची शर्यत मिळायला 1979 उजाडलं. तूही जाशील, घाई नाही. त्याआधी येत्या रविवारी माझ्याबरोबर खोल पाण्यात चल, आणि वाऱ्यात वीस वेळा पडून वीस वेळा परत बसून दाखव.