जुन्या कॅमेऱ्यातली सुई आणि ओहमचा नियम



नववीत ओहमचा नियम शिकवताना आपण फळ्यावर लिहितो : विभवांतर = धारा × रोध. मुलं गणितंही बरोबर सोडवतात. पण "रोध तोच आहे, विभवांतर फक्त ०.२ व्होल्टने वाढलं, तर बिघडलं काय?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. या प्रश्नाचं उत्तर जुन्या फिल्म कॅमेऱ्यात हाताने तपासता येतं. परभणी असो, सेलू असो की गंगाखेड, एखाद्या फोटो स्टुडिओच्या किंवा आजोबांच्या कपाटात असा कॅमेरा पडून असू शकतो. तो मिळाला तर हा पाठ जरूर घ्या.

प्रकाशमापक कसा चालतो?

फिल्मवर योग्य तेवढाच प्रकाश पडला तर फोटो नीट येतो. तो मोजायला कॅमेऱ्यात तीन गोष्टी एका ओळीत जोडलेल्या असतात : बटण सेल, कॅडमियम सल्फाइडचा प्रकाशरोधक आणि नाजूक सुईचा मापक. प्रकाश वाढला की रोधकाचा रोध कमी होतो, धारा वाढते आणि सुई सरकते. सुई बघून छायाचित्रकार भिंगाचं छिद्र आणि शटरचा वेग ठरवतो.

अडचण कुठे आली?

मिनोल्टा एसआरटी-१०१, ऑलिंपस ओएम-१ अशा १९६० आणि ७०च्या दशकांतल्या कॅमेऱ्यांत १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल असे. संपेपर्यंत त्याचं विभवांतर जवळपास स्थिर राही. म्हणून सुईचं मापन त्यावरच बेतलं होतं.

पण पारा विषारी. जपानमधल्या मिनामाता इथे कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे माणसं आजारी पडली. १९५६ मध्ये हा रोग अधिकृतपणे नोंदला गेला. त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. आज दुकानात पाऱ्याचा सेल मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. मिळतात ते १.५ व्होल्टचे अल्कलाइन सेल, ज्यांचं विभवांतर वापरताना घटत जातं, आणि १.५५ व्होल्टचे सिल्व्हर ऑक्साइड सेल, जे बरेच स्थिर असतात.

आता मुलांना गणित द्या. समजा, भर उन्हात परिपथाचा एकूण रोध २७,००० ओहम आहे.

- जुना सेल : १.३५ ÷ २७,००० = ५० मायक्रोअँपिअर
- नवा सेल : १.५५ ÷ २७,००० = सुमारे ५७ मायक्रोअँपिअर

प्रकाश तोच, पण सुई जास्त प्रकाश दाखवते. छायाचित्रकार छिद्र लहान करतो, फिल्मला प्रकाश कमी पडतो आणि सावलीतले चेहरे काळे येतात. ०.२ व्होल्टने एवढं बिघडतं!

मग एक रोध जोडला तर?

हुशार मुलं हे सुचवतातच. करून बघू द्या. ४,००० ओहमचा रोध जोडला तर उन्हात १.५५ ÷ ३१,००० = ५०. जमलं! पण अंधूक खोलीत परिपथाचा रोध २,७०,००० ओहम झाला, तर हवी होती ५ मायक्रोअँपिअर धारा आणि मिळते सुमारे ५.७. म्हणजे एका प्रकाशात बरोबर, दुसऱ्यात चूक. आपल्याला धारा कितीही असो, साधारण तेवढेच व्होल्ट कमी करणारा घटक हवा.

तो म्हणजे शॉट्की डायोड. इतक्या लहान धारेला योग्य प्रकार निवडला तर तो सुमारे ०.२ व्होल्ट खातो : १.५५ − ०.२ = १.३५. हा आकडा अगदी स्थिर नसतो, धारा खूप कमी झाली की थोडा घटतो. पण साध्या रोधापेक्षा हे कितीतरी चांगलं. डायोड सेलकडून येणाऱ्या धन तारेत जोडायचा असेल तर त्यावरची पट्टी मापकाकडे येते. ऋण तारेत जोडायचा असेल तर पट्टी सेलकडे. उलटा जोडला तर सुई हलणारच नाही.

कॅमेरा न उघडता?

श्रवणयंत्राचे झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्टचे असतात. बारीक कडं लावून ते बसवता येतात. पण चिकटपट्टी काढल्यावर त्यात हवा शिरते आणि ते वापरा न वापरा, संपत जातात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात आतला ओलावा आणखी लवकर उडतो. शाळेच्या प्रयोगाला ते ठीक. कायमच्या वापराला डायोड बरा.

हात लावण्याआधी

- आधी खात्री करा. आसाही पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये सेतू परिपथ आहे, त्याला विभवांतराच्या फरकाची फारशी बाधा होत नाही. झेनिट-ईमध्ये सेलेनियमचा मापक आहे, त्याला सेलच लागत नाही. तिथे डायोडची गरज नाही.
- सारखा उजेड असलेल्या भिंतीवर मोबाइलमधल्या प्रकाशमापक ॲपशी तुलना करा : एकदा उन्हात, एकदा सावलीत. दोन्हीकडे सारखाच फरक येत असेल तर काही कॅमेऱ्यांत फिल्मचा वेग बदलूनही भागतं.
- मूळ तारा कापू नका; जोड पुन्हा काढता येईल असा ठेवा. सोल्डरिंग मोठ्यांनीच करावं.
- जुना पाऱ्याचा सेल सापडला तर फोडू नका, कचऱ्यात टाकू नका; बंद डबीत ठेवून ई-कचरा संकलनात द्या.
- पालकांनो, कोणताही बटण सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर वाट न बघता थेट दवाखान्यात न्या.

कॅमेरा नसेल तर

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून प्रकाशरोधक आणि शॉट्की डायोड आणा. १.५ व्होल्टचा सेल आणि मल्टिमीटर एका ओळीत जोडा. खोलीतल्या उजेडात आणि मग हाताची सावली धरून धारा नोंदवा. नंतर डायोड घालून पुन्हा मोजा आणि दोन्ही नोंदींचा आलेख काढा.

वर्गासाठी प्रश्न : अल्कलाइन सेल वापरला आणि महिनाभराने त्याचं विभवांतर १.५ वरून १.३ व्होल्ट झालं, तर सुईची चूक कोणत्या दिशेला जाईल आणि फोटो कसे येतील? उत्तर मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहू द्या.