प्रवाळाच्या पेटींतील नत्र व स्फुरद : कर्बगोळ्यांनीं त्यांचें नियमन

शेतकीच्या मासिकांत खाऱ्या पाण्याची काचेची पेटी आणि तींतील प्रवाळ यांचा विचार कशासाठीं, अशी शंका कित्येक वाचकांच्या मनांत येईल. तिचें उत्तर असें कीं, शेत काय आणि पेटी काय, दोन्ही ठिकाणीं नत्र, स्फुरद व कर्ब यांचा हिशेब एकाच शास्त्रानें चालतो. शेतांत ज्यांची उणीव भासते त्यांचाच पेटींत अतिरेक होतो, इतकाच भेद. घरांतील तरुण मंडळींस या छंदाची गोडी लागली असेल, तर वडील माणसांस हा हिशेब ठाऊक असणें बरें. कारण येथील चुकीचें मोल पैशांत थोडें आणि जिवांत फार भरावें लागतें.

प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतिही नव्हे. तो प्राणी आहे. त्याच्या देहांत सूक्ष्म शेवाळ वस्ती करून असतें व तें उजेडावर अन्न तयार करून आपल्या यजमानास देतें. ज्या समुद्रांत प्रवाळ वाढतात तेथील पाणी नत्र-स्फुरदाच्या दृष्टीनें अगदीं नापीक असतें. तेथें नायट्रेट लिटरमागें १ मिलिग्रॅमहूनही कमी आढळतें व फॉस्फेट तर मिलिग्रॅमच्या शतांशांत मोजावें लागतें. नायट्रेट फार वाढलें म्हणजे प्रवाळाच्या अंगांतील शेवाळ बेसुमार माजून त्याचा रंग तपकिरी पडतो. फॉस्फेट वाढलें म्हणजे चुन्याचा सांगाडा बांधण्याच्या कामांत विघ्न येतें. आणि दोन्ही वाढलीं म्हणजे केसाळ शेवाळ खडकांवर पसरून प्रवाळास गुदमरवितें.

हीं द्रव्यें पेटींत येतात कोठून? माशांच्या खाद्यांतून. हिशेब करून पाहूं. ३०० लिटरच्या पेटींत रोज १ ग्रॅम कोरडें खाद्य टाकलें व त्यांत शेंकडा ४५ प्रथिन असलें, तर प्रथिनाचा सुमारें सोळा टक्के भाग नत्र असल्यामुळें ७२ मिलिग्रॅम नत्र आंत गेलें. नत्राचें नायट्रेट करतांना ४.४३ नीं गुणावें लागतें; म्हणजे जवळजवळ ३२० मिलिग्रॅम नायट्रेट झालें, लिटरमागें १ मिलिग्रॅमहून किंचित् अधिक. कांहीं भाग माशांच्या वाढींत व शेवाळांत मुरतो हें खरें. तथापि आठवड्याची जमा सातच्या घरांत जाऊं शकते. आतां नायट्रेट ४० वर असतां आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदललें, तर खर्चीं पडतात अवघे ४. जमा सात आणि खर्च चार, असें ज्या खात्याचें असेल त्याची बाकी कधींच फिटावयाची नाहीं. म्हणून प्रथम खाद्य आवरावें, हा पहिला उपाय. आणि तेवढ्यानें न भागल्यास कर्बगोळ्या, हा दुसरा.

या गोळ्यांस बाजारांत बायोपेलेट म्हणतात. जंतु स्वतःच्या देहांत शिल्लक म्हणून जो एक स्निग्ध पदार्थ सांठवितात, त्याच जातीच्या, जंतूंनाच पचणाऱ्या प्लास्टिकचे हे बारीक दाणे असतात. त्यांत कर्ब भरपूर, नत्र व स्फुरद जवळजवळ शून्य. त्यांची क्रिया शेतकऱ्यास नवी नाहीं. गव्हाचें सुकें काड ओल्या शेतांत गाडून लगेच पेरणी केली, तर पीक पिवळें पडतें, हें सर्वांनीं पाहिलें आहे. काडांत एका भाग नत्रास सुमारें ८० भाग कर्ब असतो, आणि तें कुजविणाऱ्या जंतूंस २४ च्या आसपास लागतो. उरलेल्या कर्बास पुरेल इतकें नत्र ते जमिनींतून ओढून घेतात व पीक उपाशी राहतें. शेतांत जी हानि, तीच पेटींत इष्ट. दाण्यांवर जंतूंची दाट वस्ती होते, आणि कर्ब खातां खातां ते पाण्यांतील नायट्रेट व फॉस्फेट आपल्या देहांत ओढतात. जेथें प्राणवायु पोंचत नाहीं अशा आंतल्या थरांत कांहीं जंतु नायट्रेटचा वायु करून तो हवेंत सोडूनही देतात.

परंतु येथेंच एक मर्म आहे. शेतांतील जंतु मेले म्हणजे बांधलेलें नत्र पुनः जमिनीस मिळतें. पेटींतही तसेंच होईल. म्हणून जंतु मरून कुजण्यापूर्वींच ते पाण्याबाहेर काढले पाहिजेत. हें काम फेस काढणारें यंत्र करतें, ज्यास स्किमर म्हणतात. हवेच्या बारीक बुडबुड्यांना चिकटून जंतु व मळ फेसाबरोबर वर येतो व प्याल्यांत सांचतो. ज्याच्यापाशीं चांगला स्किमर नाहीं त्यानें गोळ्यांच्या नादीं लागूं नये.

गोळ्या नळकांड्यासारख्या पात्रांत घालून खालून वर पाणी सोडतात. प्रवाह असा असावा कीं दाणे मंद मंद उकळल्यासारखे हालत राहतील. ते थिजले तर एकमेकांस चिकटून गठ्ठा होतो व आंत सडण सुरू होते. पात्रांतून बाहेर पडणारें पाणी स्किमरच्या तोंडाशींच सोडावें. आरंभ निर्मात्यानें सांगितलेल्या मापाच्या चौथाईनें करावा व दर पंधरवड्यास थोडी भर घालावी. जंतूंची वस्ती बसण्यास चार ते आठ आठवडे लागतात. तोंवर अंकांत फरक दिसला नाहीं म्हणून एकदम माप दुप्पट करणें म्हणजे खत लागूं झालें नाहीं म्हणून दुसऱ्याच दिवशीं पुनः टाकण्यासारखें आहे.

घाईचे परिणाम गंभीर असतात. नायट्रेट झपाट्यानें शून्यावर आलें म्हणजे प्रवाळ फिके पडतात, फांद्यांचीं टोंकें जळल्यासारखीं पांढरीं होतात. पाण्याची क्षारता जास्त असल्यास हें लवकर घडतें. म्हणून गोळ्या चालू असतां क्षारता जर्मन मापानें ७ ते ८ अंशांपलीकडे चढूं देऊं नये. ध्येय शून्याचें नसावें. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१० मिलिग्रॅम ही मर्यादा पुरेशी आहे. दोन्ही संपलीं तर शेवाळाहूनही चिवट असे तपकिरी चिकट सूक्ष्मजीव पसरतात. पाणी दुधाळ झाल्यास जंतु अनावर वाढले असें समजून गोळ्या कमी कराव्या व हवा वाढवावी, नाहीं तर रात्रीं मासे प्राणवायूवांचून मरतील.

वीज जाण्याची वाट आपल्याकडे कोणास पाहावी लागत नाहीं. पंप कांहीं तास बंद राहिला, तर पात्रांतील प्राणवायु संपून सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायु तयार होतो. वीज येतांच तें पाणी पेटींत गेलें तर एका घटकेंत सर्वनाश. अशा वेळीं पात्रांतील पाणी ओतून द्यावें, गोळ्या खाऱ्या पाण्यानें धुवाव्या व मगच पंप लावावा.

कित्येकांची तक्रार असते कीं नायट्रेट उतरलें पण फॉस्फेट हालत नाहीं. तिचें कारण हिशेबांतच आहे. अल्फ्रेड रेडफील्ड या शास्त्रज्ञानें १९३४ सालीं समुद्रांतील सूक्ष्मजीवांच्या देहांत नत्र व स्फुरद यांचें ठराविक प्रमाण दाखवून दिलें; तें स्थूलमानानें १६ अणूंस १ असें धरतात. वजनानें पाहतां १० भाग नायट्रेटबरोबर १ भाग फॉस्फेट जातें. जंतूंचें प्रमाण तंतोतंत हेंच नसलें तरी दिशा हीच. नायट्रेट संपलें कीं जंतूंची वाढ खुंटते व फॉस्फेट जेथल्या तेथें राहतें. त्याकरितां लोहाच्या ऑक्साइडचे दाणे वेगळ्या पात्रांत थोडे थोडे वापरावे.

मोजमाप आठवड्यास एकदां, एकाच वारीं, एकाच वेळीं करावें व वहींत लिहावें. परीक्षेच्या कांहीं संचांत नायट्रेट न दाखवितां नुसतें नत्र दाखवितात, तेव्हां ४.४३ नीं गुणण्यास विसरूं नये. आमचें आयुष्य जमाबंदीच्या दप्तरांत गेलें, आणि ज्या गोष्टीची नोंद नाहीं तिचा निकाल लागत नाहीं हें आम्हीं तेथें शिकलों.

शेवटीं कायद्याची गोष्ट. भारतांत खडक बांधणारे सर्व प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. ते समुद्रांतून काढणें हा गुन्हा आहे. मालवणच्या किनाऱ्यालगत असे प्रवाळ आहेत व १९८७ सालीं तेथें सागरी अभयारण्य जाहीर झालें. आपल्या शेतांतून ओढ्यावाटे वाहून जाणारें खतही अखेर समुद्रासच मिळतें, आणि तेथें कोणी कर्बगोळ्या घालीत नाहीं कीं फेस काढीत नाहीं. म्हणून खत पिकास लागेल तेवढेंच, लागेल तेव्हांच द्यावें. त्यांत आपल्या पदरचा पैसाही वांचतो.