बारा कार्षापणांचा हिशेब

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या लेण्यात सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खू संघासाठी ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम निधी, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवल्याची ही नोंद. २००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे होते. गणित करून पाहावे : २००० वर वर्षाचे व्याज २४०, आणि २० गुणिले १२ हेही २४०. हे दान निगमसभेत ऐकवले गेले व फलकावर नोंदले गेले, असेही लेख सांगतो.

सहलीला आलेल्या मुलांना हा लेख आम्ही कित्येकदा दाखवला. त्यातील बोध मात्र एका माजी विद्यार्थ्याने आम्हाला करून दिला.

व्यवस्थापनशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकणारा तो विद्यार्थी सुटीत वसतिगृहात आला. त्याच्या महाविद्यालयात सामाजिक संस्थेत काही आठवडे काम करणे सक्तीचे होते. वह्यावाटप करावे, छायाचित्रे घ्यावीत आणि प्रमाणपत्र न्यावे, असा त्याचा प्रथम विचार होता. कार्यालयात बसल्यावर त्याने सहज विचारले, “सर, आपल्या एका मुलाचा महिन्याचा खर्च किती येतो?” आम्हाला उत्तर देता आले नाही. वर्षानुवर्षे आम्ही समाजापुढे झोळी पसरली. पण एका लेकरामागे किती लागते, हे आम्हास ठाऊक नव्हते. एका चीवराला १२ कार्षापण लागतात हे त्या काळी ठरलेले होते.

वह्यावाटप राहिले बाजूला. धान्य, इंधन, वीज, औषधे, पुस्तके अशी खाती पाडून त्याने सगळी कीर्द पुन्हा मांडली. दानात आलेले धान्य भांडारवहीत चढतच नव्हते, हे त्याच्या लक्षात आले. त्यामुळे खर्च खऱ्याहून कमी दिसत होता आणि धान्य देणाऱ्या गावांचे ऋणही कागदावर कुठेच उमटत नव्हते.

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने करावयाची समाजसेवा ती हीच, असे आमचे मत झाले आहे. मुंबईच्या एस. पी. जैन व्यवस्थापन संस्थेसारख्या काही संस्थांनी सामाजिक संस्थांतील काम अभ्यासक्रमाचाच भाग केले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु हातात झाडू घेऊन एक दिवस अंगण लोटणे कोणालाही जमते. ताळेबंद वाचणे, अंदाजपत्रक बांधणे, वार्षिक अहवाल लिहिणे हे ज्याला शिकवले गेले, त्याने तेच द्यावे.

याची निकड आज अधिक आहे. कंपनी कायद्याप्रमाणे २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. तो निधी मिळण्यासाठी संस्थेची नोंदणी, आयकर कायद्याखालील मान्यता आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. आपल्या अनेक संस्थांकडे काम आहे, कागद नाही. विश्वस्त बदलले तरी धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जात नाही. मग निधी दुसरीकडे वळतो आणि त्याची किंमत वसतिगृहातील मुले मोजतात.

बाबासाहेब १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याच काळात, जानेवारी १९२० मध्ये, ‘मूकनायक’ सुरू झाले. पुढे अर्थशास्त्रातील उच्च पदव्या घेऊन परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ मध्ये सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये वाणिज्याचे स्वतंत्र महाविद्यालयही काढले. वाणिज्याची विद्या आणि समाजाची संस्था त्यांनी वेगळी मानली नाही.

वाणिज्य व व्यवस्थापन शिकलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना म्हणूनच एक विनंती आहे. वर्षातून एक महिना एका संस्थेच्या वह्यांना द्यावा. आपली शाळा असो, गावचे विहार असो वा महिलांचा बचत गट. आणि आम्हा संस्थाचालकांचेही एक कर्तव्य आहे. वह्या उघडून दाखवण्यात अपमान वाटता कामा नये. तरुणाने प्रश्न विचारला की ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असे म्हणून त्याला गप्प करण्याची सवय आपण सोडली पाहिजे. निगमसभेत हिशेब ऐकवला गेला, त्याने दात्याचा मान घटला नाही.

त्या विद्यार्थ्याने काढलेला एका मुलाचा मासिक खर्च आता कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर दर महिन्याला लिहिला जातो. येणारा पालक तो वाचतो. परवा मजुरी करणारी एक माता बराच वेळ फळ्यापुढे उभी होती. मग म्हणाली, “एवढं नाही जमणार गुरुजी, पण चार दिवसांचं देते.” त्या चार दिवसांची पावती आम्ही तिच्यासमोरच फाडली आणि वहीत नोंद केली.