वजन का बदललं? शोधाचा खर्च किती?

पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं, बांगड्या मनगटावरून घसरू लागतात, आणि लग्नकार्यात भेटलेली माणसं म्हणतात, "वा, छान बारीक झालात!" मधुमेह असेल तर या कौतुकावर खूश होऊ नका. खाणं कमी केलेलं नाही, चालणं वाढवलेलं नाही, तरी सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन घटलं (७० किलोच्या माणसाचं साडेतीन किलो), तर कारण शोधायलाच हवं. हा शोध योग्य क्रमाने घेतला तर बहुतेकांचं काम तीन-चार हजारांत होतं.

सुरुवात वहीपासून करा. आठवड्यातून एकदा, सकाळी काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करून तारखेसह लिहा. डिजिटल वजनकाटा ८०० ते १,५०० रुपयांना मिळतो. पुढच्या पानावर चालू असलेलं प्रत्येक औषध आणि ते कधी सुरू झालं ते लिहा. सांधेदुखीची गोळी, वैद्यांची पुडीसुद्धा सोडू नका. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोनने वजन वाढू शकतं, पायोग्लिटाझोनने अंगावर सूजही येते. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड वजन आणि साखर दोन्ही वाढवतं. उलट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे दोन-तीन किलो उतरतात. सेमाग्लुटाइडने त्याहून बरंच जास्त. पुष्कळदा उत्तर या वहीतच सापडतं आणि फिजिशियनची ५०० ते १,००० रुपयांची एक भेट पुरते. पण औषध आपल्या मनाने बंद करू नका.

वहीत उत्तर मिळालं नाही, तर रक्त-लघवी. पुढचे दर पुण्या-मुंबईतल्या खासगी लॅबचे आणि ढोबळ आहेत, तालुक्याच्या गावी कमी पडतात. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ४०० ते ६००. साखर फार वाढली की ती लघवीतून वाहून जाते आणि शरीर स्वतःची चरबी, स्नायू जाळू लागतं. वजन घटण्याचं हे पहिलं संशयित कारण. रक्तगणना, म्हणजे सीबीसी, २५० ते ४००. ती हवीच, कारण रक्त कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो. थायरॉइडची टीएसएच २५० ते ४००, क्रिएटिनिन १५० ते २५०, यकृताच्या तपासण्या ५०० ते ८००, लघवीतलं अल्ब्युमिन ५०० ते ८००. सगळं मिळून दोन ते सव्वातीन हजार.

घरी येऊन रक्त नेणारी 'संपूर्ण शरीर तपासणी' कधी कधी यापेक्षा स्वस्त पडते. पैसे देण्याआधी यादी मागा आणि वरची सहा नावं तिच्यात आहेत का ते बघा. साठ-सत्तर तपासण्यांचा आकडा पाहून भुलू नका. छातीचा एक्स-रे तर अशा पॅकेजमध्ये बहुधा नसतोच.

आणि तो एक्स-रे फार महत्त्वाचा आहे. मधुमेहात क्षयरोगाचा धोका दोन ते तीन पट असतो. वजन घटतंय, संध्याकाळी कणकण येते, खोकला दोन आठवडे हटत नाही, तर खासगीत ४०० ते ७०० रुपयांत एक्स-रे काढा किंवा सरळ सरकारी दवाखान्यात जा. तिथे थुंकीची तपासणी आणि पूर्ण उपचार मोफत आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्यांना पैसे लागत नाहीत. रांगेत सकाळ जाते, पण दोन-तीन हजार वाचतात. नेहमीच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र गाठा. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपल्यावर तिचे अनेक स्वस्त ब्रँड आले आहेत. जुनं महाग पाकीट अजून चालू असेल तर डॉक्टरांना पर्याय विचारा.

एवढ्यावरही कारण कळलं नाही तर पोटाची सोनोग्राफी, १,२०० ते २,००० रुपये. सीटी स्कॅनला ६,००० ते १०,००० लागतात, म्हणून तो डॉक्टरांनी सांगितल्यावरच. मात्र पन्नाशीनंतर मधुमेह नव्यानेच निघाला आणि वजनही उतरतंय, तर स्वादुपिंड तपासायला उशीर करू नका. तिथे खर्च पुढे ढकलणं महागात पडतं.

वजन वाढलं तर आधी पाय बघा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायावर बोट दाबल्यावर खळगा राहतो, आडवं झाल्यावर धाप लागते, तर ते अंगात साठलेलं पाणी आहे. हृदय किंवा मूत्रपिंड थकल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तसंच वजन उतरत असताना उलट्या, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास सुरू झाला, तर मीटरवर साखर फार वाढलेली दिसत नसली तरी, विशेषतः डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर, लॅबचे दर विचारत थांबू नका. जवळचं रुग्णालय गाठा, औषधांची वही बरोबर घ्या.